गाडगेबाबा: देवाच्या नावानं घरात आलेली दारू कीर्तनातून घराबाहेर काढणारा माणूस

तुळजापूर हे तुळजाभवानीचं गाव. महाराष्ट्रातल्या असंख्य घरांची ती कुलस्वामिनी. २०२५ च्या सुरुवातीला मात्र हे गाव वेगळ्याच कारणानं बातम्यांत आलं. पोलिसांनी मेफेड्रोन म्हणजे 'एमडी' या अमली पदार्थाच्या विक्रीचं प्रकरण उघडकीस आणलं आणि आरोपींच्या यादीत काही पुजाऱ्यांचीही नावं आली. आरोपांचा निवाडा करणं हे न्यायालयाचं काम. पण देवीच्या गावात नशा पोहोचते कशी, हा प्रश्न अनेकांना अस्वस्थ करून गेला.

या अस्वस्थतेमागे एक समजूत आहे. देवधर्म असलेल्या ठिकाणी व्यसन येत नाही आणि व्यसन लागलेला माणूस देवाच्या मार्गाला लागला की सुटतो, ही ती समजूत. व्यसनी मुलाला देवापुढे उभं करून शपथ घ्यायला लावणारे आईवडील गावोगावी भेटतात. काहींची दारू त्यानंतर खरंच सुटते. काहींची चार दिवसांत पुन्हा सुरू होते.

मग धर्म व्यसन सोडवतो की नाही? हा प्रश्न शंभर वर्षांपूर्वी विदर्भातल्या एका माणसानं आयुष्यभर हाताळला. त्याच्या घरात दारू आली तीच देवाच्या नावानं. आणि गावोगावच्या घरांतून ती बाहेर काढण्यासाठी त्यानं वापरलं तेही देवाचंच नाव. हा माणूस म्हणजे डेबूजी झिंगराजी जानोरकर. महाराष्ट्र त्यांना गाडगेबाबा म्हणून ओळखतो.

झिंगराजीचं घर

डेबूजींचा जन्म २३ फेब्रुवारी १८७६ रोजी अमरावती जिल्ह्यातल्या अंजनगाव सुर्जी तालुक्यातल्या शेणगावचा. घर परीट समाजाचं. वडील झिंगराजी, आई सखुबाई.

झिंगराजींची दारू ही एकट्यादुकट्या माणसाची चैन नव्हती. त्या काळी अनेक समाजांत जन्म असो की मयत, लग्न असो की नवस, देवाला बोकड कापायचा आणि भाऊबंदांना मटण-दारूचं जेवण घालायचं, हा रिवाज होता. तो मोडला तर देव कोपेल आणि जातीत नाव खराब होईल, अशी दुहेरी भीती होती. त्यामुळे न पिणाऱ्याच्या हातातही प्रसाद म्हणून पेला यायचा. घरात काही वाईट घडलं की नवा नवस, नवा बोकड आणि त्यासाठी नवं कर्ज.

झिंगराजी याच वाटेनं गेले. आधी रिवाज म्हणून, मग सवय म्हणून आणि शेवटी ती नसेल तर दिवस निघेना म्हणून. हातची शेती गेली, प्रकृती गेली. १८८४ च्या सुमारास, डेबूजी आठ वर्षांचे असताना, झिंगराजींचा मृत्यू झाला. बोकड आणि दारू मागणाऱ्या देवापासून पोराला लांब ठेव, असं त्यांनी मरताना सखुबाईंना बजावलं होतं, असं बाबांच्या चरित्रांमध्ये सांगितलं जातं.

गाडगेबाबांच्या पुढच्या सगळ्या कामाचं मूळ इथे सापडतं. दारू हा फक्त पिणाऱ्याचा दोष नाही, तिच्याभोवती भाऊबंद, पंगत, नवस आणि सावकार यांचं जाळं असतं, हे त्यांनी पुस्तकात वाचलं नव्हतं. ते घरात पाहिलं होतं.

दापुऱ्याची शेती आणि एक बारसं

वडील गेल्यावर सखुबाई मुलाला घेऊन माहेरी आल्या, मूर्तिजापूर तालुक्यातल्या दापुऱ्याला. इथे मामांच्या घरी डेबूजी वाढले. शाळा नाही. गुरं राखणं, नांगरणी, वखरणी. शेतीत त्यांचा हात चांगला बसला. रात्री भजनात रमायचं, हा विरंगुळा. १८९२ मध्ये कुंताबाईंशी त्यांचं लग्न झालं.

दापुऱ्यात त्यांनी आणखी एक गोष्ट जवळून पाहिली. सावकाराच्या कागदावर अंगठा उमटवणाऱ्या माणसाला आपण किती देणं लागतो, याचा पत्ताच नसतो. मामांची जमीन अशाच व्यवहारात अडकली. अक्षरओळख नसलेला माणूस, त्याचं कर्ज आणि सणावारांचा खर्च ही साखळी त्यांच्या मनात पक्की बसली. पुढे कीर्तनात ते दारूबद्दल बोलायला लागले की कर्ज आणि शिक्षण हे विषय त्याच ओघात यायचे, त्याचं कारण हे.

पहिली मुलगी झाली तेव्हा त्यांच्यापुढे परीक्षाच उभी राहिली. बारशाला भाऊबंद जमणार, म्हणजे रिवाजाप्रमाणे मटण आणि दारू हवी. डेबूजींनी पाहुण्यांना गोड जेवण वाढलं. दारूचा थेंबही नाही. भाऊबंदांनी नाकं मुरडली, कुरबुर झाली. पण देव कोपला नाही आणि मुलगीही सुखरूप राहिली.

आज हा प्रसंग किरकोळ वाटू शकतो. पण व्यसनमुक्तीचं काम करणारे लोक सांगतात की दारू सोडलेल्या माणसाची खरी कसोटी लग्नाच्या वरातीत, मित्राच्या पार्टीत आणि नातेवाईकांच्या आग्रहापुढे लागते. डेबूजींनी पिणाऱ्याला उपदेश करण्याआधी पंगत बदलली. सण करायचा, देव मानायचा, लोकांना जेवू घालायचं, फक्त त्यातून दारू काढून टाकायची. रिवाजाची जागा रिकामी ठेवायची नाही, तिथे दुसरा रिवाज आणायचा. हीच पद्धत पुढे त्यांनी मोठ्या प्रमाणावर वापरली.

हातात खराटा, डोक्यावर गाडगं

१ फेब्रुवारी १९०५ रोजी डेबूजींनी घर सोडलं. अंगावर फाटक्या चिंध्यांचा वेश, हातात खराटा आणि मातीचं फुटकं गाडगं. जेवायचं त्यातच, पाणी प्यायचं त्यातच आणि वाटेत ते डोक्यावर पालथं घालायचं. या गाडग्यावरूनच लोक त्यांना गाडगेबाबा म्हणू लागले.

पुढची सुमारे बारा वर्षं ते भटकत राहिले. गावात शिरलं की आधी रस्ते झाडायचे. कुणाच्या शेतात, कुणाच्या दारात काम करायचं आणि मग भाकरी मागायची. फुकटची भाकरी नको, हा नेम.

पूर्णा नदीकाठचं ऋणमोचन हे त्यांच्या कामाचं सुरुवातीचं ठिकाण. पौष महिन्यातल्या रविवारी तिथे यात्रा भरते. नदीच्या चिखलात यात्रेकरू घसरायचे, म्हणून बाबांनी स्वतः खपून वाट नीट केली आणि पुढे लोकवर्गणीतून घाट उभा राहिला. यात्रेत बोकड कापून दारूसह जेवण करण्याच्या प्रथेला त्यांनी गोडाच्या भंडाऱ्याचा पर्याय दिला. म्हणजे बारशाच्या पंगतीत केलेली गोष्टच, आता हजारोंच्या यात्रेत.

कीर्तनात नेमकं व्हायचं काय?

गाडगेबाबांचं कीर्तन नेहमीच्या नारदीय किंवा वारकरी कीर्तनासारखं नव्हतं. भरजरी उपरणं नाही, संस्कृत श्लोक नाहीत, पूर्वरंग-उत्तररंगाची चौकट नाही. दिवसभर गाव झाडणारा माणूस संध्याकाळी त्याच गावापुढे उभा राहायचा. गोपाळाच्या नावाचा गजर व्हायचा, लोक टाळ्या धरायचे आणि मग बाबा वऱ्हाडी बोलीत श्रोत्यांना प्रश्न विचारायला सुरुवात करायचे.

प्रश्न साधे असायचे आणि उत्तर सगळ्या गावानं मोठ्यानं द्यायचं असायचं. देवाला बोकड लागतो का? दारूला पैसे किती जातात? बायकोला लुगडं कधी घेतलं? पोरगं शाळेत जातं का? हिशोब तिथल्या तिथे मांडला जायचा. महिन्याला दारूत गेलेल्या पैशात घरात काय काय येऊ शकलं असतं, हे पिणाऱ्याच्या बायकोपोरांसमोर, शेजाऱ्यांसमोर मोजलं जायचं. लोक हसायचे आणि हसता हसता गप्प व्हायचे.

मग शपथ. दारू पिणार नाही, देवाच्या नावानं जनावर कापणार नाही, कर्ज काढून सण करणार नाही, पोराला शाळेत घालीन. ही शपथ देवळाच्या गाभाऱ्यात एकट्यानं घ्यायची नव्हती. ती गावासमोर घ्यायची होती. दुसऱ्या दिवशी तो माणूस दारूच्या गुत्त्याकडे वळला तर हटकणारे शेजारीच असायचे.

या सगळ्यात चमत्काराला जागा नव्हती. बाबा अंगारा-धुपारा देत नसत. कुणाला पाया पडू देत नसत आणि पाया पडायला आलेल्यापासून पळ काढत. आपला कुणी गुरू नाही आणि शिष्यही नाही, असं ते सांगत. कीर्तन संपलं की बहुतेकदा ते गाव सोडून निघून जात. त्यामुळे दारू सोडलेला माणूस बाबांवर विसंबून राहू शकत नव्हता. त्याला आधार घ्यायचा होता तो गावाचा आणि घराचा.

देव त्यांनी नाकारला नाही. देवाचा पत्ता मात्र बदलला. भुकेल्याला अन्न, उघड्याला वस्त्र, अडाण्याला शिक्षण, आजाऱ्याला औषध ही त्यांची देवपूजा. पंढरपूरला जाऊनही ते रमायचे ते चंद्रभागेचं वाळवंट झाडण्यात आणि वारकऱ्यांच्या सेवेत. तिथे त्यांनी अस्पृश्य मानल्या गेलेल्या वारकऱ्यांसाठी चोखामेळा धर्मशाळा उभी केली. पुढे ती डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीकडे सोपवली.

माळ घालणं: जुनी, तयार वाट

गाडगेबाबांना हे काम शून्यातून उभं करावं लागलं नाही. महाराष्ट्रात व्यसन सोडण्याची एक धार्मिक वाट आधीपासून होती. ती म्हणजे वारकऱ्यांची तुळशीची माळ.

माळ घातली की मद्य आणि मांस सोडायचं, एकादशी धरायची, वारी करायची. ही माळ गळ्यात असते, म्हणजे सगळ्यांना दिसते. माळकऱ्याला कुणी दारूचा आग्रह करत नाही, कारण नाही म्हणायचं काम माळच करते. एकादशी दर पंधरवड्याला येते, त्यामुळे नेमाची आठवण राहते. वारीत दिंडी असते, म्हणजे त्याच नेमानं जगणारी माणसं सोबत असतात. रिकाम्या संध्याकाळी भजन असतं.

यातली एकही गोष्ट औषध नाही. पण व्यसन सोडलेल्या माणसाला लागणाऱ्या बऱ्याच गोष्टी यात आहेत: नवी ओळख, नवी संगत, ठरलेला दिनक्रम आणि चूक झाली तर लक्षात येईल अशी व्यवस्था. गाडगेबाबांनी ही ताकद ओळखली आणि माळ न घालणाऱ्या माणसांपर्यंत, सर्व जातींच्या वस्त्यांपर्यंत नेली.

त्याच काळात, सातासमुद्रापार

गाडगेबाबा साठीच्या उंबरठ्यावर असताना अमेरिकेतल्या ओहायो राज्यातल्या अॅक्रन शहरात दोन दारुडे एकमेकांना भेटले. बिल विल्सन हे शेअर बाजाराशी संबंधित होते, बॉब स्मिथ हे शल्यचिकित्सक. दोघंही ऑक्सफर्ड ग्रुप या ख्रिस्ती चळवळीच्या संपर्कात आले होते. एका दारुड्यानं दुसऱ्या दारुड्याशी मन मोकळं करून बोललं की दोघांनाही न पिता राहणं सोपं जातं, हा त्यांचा अनुभव. १० जून १९३५ हा अल्कोहोलिक्स अॅनॉनिमस, म्हणजे 'एए'चा स्थापना दिवस मानला जातो.

एएच्या बारा पायऱ्यांत देवाचा उल्लेख आहे. दारूपुढे आपलं काही चालत नाही हे कबूल करणं, आपल्याहून मोठ्या शक्तीवर भार टाकणं, आपल्या चुकांचा हिशोब मांडणं, ज्यांना दुखावलं त्यांची भरपाई करणं आणि दुसऱ्या व्यसनी माणसाला मदत करणं, असा तो क्रम. पण ही शक्ती कोणती, हे ज्यानं त्यानं ठरवायचं. विठ्ठल चालतो, अल्ला चालतो, समोर बसलेला गटही चालतो.

गाडगेबाबांचं कीर्तन आणि एएची बैठक यांचा एकमेकांशी काही संबंध आला नाही. तरी दोन्हींत साम्य आहे. दोन्हीकडे माणूस एकटा नसतो, दोन्हीकडे खरं बोलावं लागतं, दोन्हीकडे दुसऱ्याच्या उपयोगी पडणं हा उपचाराचाच भाग असतो. फरकही मोठा आहे. एएमध्ये नाव गुप्त राहतं, कीर्तनात सगळं गाव साक्षीला. एएची बैठक आठवड्याला पुन्हा होते, कीर्तनकार मात्र निघून जातो.

अशा गटांचा खरंच उपयोग होतो का, हे संशोधकांनी तपासलं आहे. कॉक्रेन या संस्थेनं २०२० मध्ये २७ अभ्यास आणि १० हजारांहून जास्त लोकांच्या माहितीचा आढावा घेतला. एएकडे पद्धतशीरपणे वळवणारे कार्यक्रम दारू पूर्ण बंद ठेवण्याच्या बाबतीत इतर मानसोपचारांइतकेच, काही बाबतींत त्यांच्याहून जास्त परिणामकारक दिसले.

शपथ कुठे कमी पडते?

गाडगेबाबांच्या काळात व्यसनाकडे प्रामुख्यानं वाईट सवय म्हणून पाहिलं जायचं. आज जागतिक आरोग्य संघटना त्याची नोंद आजार म्हणून करते. हा फरक नुसता शब्दांचा नाही.

अनेक वर्षं रोज भरपूर पिणाऱ्या माणसानं एकदम दारू बंद केली तर पहिल्या काही दिवसांत हातपाय कापणं, झटके येणं, भास होणं असे त्रास होऊ शकतात. कधी ते जिवावरही बेततात. त्यामुळे देवासमोर शपथ घेऊन त्याच दिवशी सगळं बंद करणं धोक्याचं ठरू शकतं. आधी डॉक्टर, मग शपथ, हा क्रम सुरक्षित आहे.

दुसरी अडचण मोडलेल्या शपथेची. व्यसनाच्या आजारात पुन्हा घसरणं ही नेहमी घडणारी गोष्ट आहे. पण शपथ देवाची असेल तर घसरलेला माणूस स्वतःला रुग्ण न मानता पापी मानतो. लाजेपोटी तो मदत मागायचं टाळतो आणि लाज विसरण्यासाठी पुन्हा पितो. घरचेही देवाची शपथ मोडली म्हणून त्याच्यावरचा विश्वास सोडतात.

तिसरी अडचण गाडगेबाबांनीच आयुष्यभर दाखवली. धर्माच्या नावानं माणसाला लुबाडताही येतं. व्यसन उतरवून देतो म्हणणारे बुवा आणि न सांगता जेवणात मिसळायच्या पुड्या आजही विकल्या जातात. बाबांचा रस्ता याच्या उलट होता. मुंबईत जे. जे. रुग्णालयाजवळ त्यांनी बाहेरगावच्या रुग्णांच्या नातेवाईकांसाठी धर्मशाळा बांधून घेतली. आजारी माणसानं देवऋषीकडे जाऊ नये, दवाखान्यात जावं, हे त्यांनी सांगितलंच. शिवाय दवाखान्यात आलेल्या गरिबाच्या माणसांना रात्री डोकं टेकायला जागाही दिली.

अखेरची वर्षं

१९४९ मध्ये मुंबई प्रांतानं दारूबंदीचा कायदा केला. सरकार कायद्यानं दारू थांबवू पाहत होतं, गाडगेबाबा माणसाचं मन वळवू पाहत होते. म्हातारपणीही त्यांची कीर्तनं थांबली नाहीत. १९५२ मध्ये त्यांच्या कामासाठी गाडगे महाराज मिशनची स्थापना झाली. प्रबोधनकार ठाकरे यांनी त्यांच्या हयातीतच त्यांचं चरित्र लिहिलं.

८ नोव्हेंबर १९५६ रोजी मुंबईत वांद्रे पोलीस ठाण्यात त्यांचं कीर्तन झालं. तेच त्यांचं शेवटचं मोठं कीर्तन मानलं जातं. त्याचं ध्वनिमुद्रण उपलब्ध असल्यानं बाबा श्रोत्यांना कसं बोलतं करायचे, हे आजही ऐकायला मिळतं. त्यानंतर दीड महिन्याच्या आत, २० डिसेंबर १९५६ रोजी, अमरावतीजवळ वलगावच्या पेढी नदीपाशी प्रवासातच त्यांचं निधन झालं. अमरावतीत त्यांची समाधी आहे आणि तिथल्या विद्यापीठाला त्यांचं नाव आहे.

पुढच्याच वर्षी, १९५७ मध्ये, मुंबईत एएचं काम सुरू झालं. १९८६ मध्ये डॉ. अनिता अवचट आणि अनिल अवचट यांनी पुण्यात मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र सुरू केलं. तिथे औषधोपचार, समुपदेशन, गटचर्चा आणि कुटुंबाचा सहभाग यांची सांगड घातली गेली.

मग देवाला साकडं घालायचं की नाही?

गाडगेबाबांच्या आयुष्याकडे पाहिलं तर या प्रश्नाचं उत्तर हो किंवा नाही असं देता येत नाही. झिंगराजींच्या घरात दारू आणली ती धर्मानं, म्हणजे नवसानं, पंगतीनं आणि भाऊबंदांच्या धाकानं. डेबूजींनी दारू हटवली तीही धर्मानंच, म्हणजे भजनानं, गोड पंगतीनं आणि गावासमोरच्या शपथेनं. बदलला तो देव नव्हे. बदललं ते देवाच्या नावानं माणसं एकमेकांकडे काय मागतात ते.

तुळजापूर असो, जेजुरी असो की पंढरपूर, नुसत्या देवाच्या सान्निध्यानं नशा थांबत नाही, हे त्यांना केव्हाच कळलं होतं. देवीपुढे घेतलेली शपथ वाया जात नाही, पण ती पहिली पायरी आहे. तिच्या आधी डॉक्टर लागतो. तिच्यानंतर रोज चौकशी करणारं माणूस लागतं, संध्याकाळी जायला दारूच्या दुकानाव्यतिरिक्त दुसरी जागा लागते आणि घसरल्यावर दार उघडं ठेवणारं घर लागतं.

व्यसनाशी झगडणाऱ्यांसाठी आणि त्यांच्या कुटुंबीयांसाठी केंद्र सरकारची १४४४६ ही मोफत मदतवाहिनी आहे. तुळजापूरच्या यात्रेकरूलाही तो नंबर लावता येतो आणि मग निवांत दर्शनाला जाता येतं. देवळाबाहेरची वाट झाडणाऱ्या आणि रुग्णालयाजवळ धर्मशाळा बांधणाऱ्या गाडगेबाबांना या दोन गोष्टींत कधीच विरोध दिसला नव्हता.